तिघांचा डाव

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. “मंगलमावशी, पप्पा गेले,” ती म्हणाली. “सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, जरा पडतो म्हणाले... आणि उठलेच नाहीत.” त्यावर माझ्या तोंडून काय निघावं? “अगं, पण आज सोमवार आहे!” छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली. माणूस गेल्यावर घरच्यांशी काय बोलावं, कसं बोलावं, हे नव्या पोरींना मी शिकवायचे. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ही अक्कल पाजळली. पण प्रज्ञाही बापाचीच लेक. ती म्हणाली, “व्हय मावशी, सोमवारच आहे.” मग आम्ही दोघी फोनवरच रडलो. त्याला आता सात आठवडे होतील.

सोमवारचं असं, की सोमवारी अजिंठा बंद असतो. प्रज्ञाचे पप्पा अंबादास हिवाळे, आमचे हिवाळे भाऊ, अजिंठ्याचे गाईड. आठवडाभर मुक्काम फर्दापूरला. रविवारी शेवटची पार्टी लेणी बघून उतरली, की संध्याकाळच्या एस.टी.नं छावणीत, घरी. सोमवारी दुपारी चारला त्यांच्या पुढच्या खोलीत पांढरी चादर अंथरली जायची आणि भाऊ, घड्याळवाले सलीमभाई आणि मी, असे तिघं गंजिफा खेळायला बसायचो. सव्वीस वर्षं हे चाललं. मध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सलीमभाईंच्या तीन पोरींची लग्नं झाली, पायऱ्या झेपेनात म्हणून भाऊंनी गाईडकी सोडली, हिवाळे वहिनी गेल्या... पण वार बदलला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हातानं रंगवलेले, वरून लाखेचा लेप दिलेले, मोठ्या बिस्किटाएवढे. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत चार रंग असतात, यात दहा. दहा अवतारांचे दहा. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी पानं. हुकूम नाही, जोकर नाही, राणी तर नाहीच नाही. कुठलं पान पडून गेलं आणि कुठलं कुणाच्या हातात उरलं, एवढं डोक्यात ठेवायचं, हाच खेळ. आणि तो तिघांचा असतो. दोघांत होत नाही, चौघांत होत नाही. त्यामुळं भाऊ गेले तेव्हा आमचा मित्र तर गेलाच, पण सलीमभाई आणि मी दोघंच उरलो, म्हणजे खेळही गेला.

हे भाऊंना आधीच दिसलं होतं. मागच्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली, चार दिवस दवाखान्यात काढले, आणि घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर पुण्याच्या एका संग्रहालयाला पत्र लिहिलं. माझ्यामागं माझे देशोदेशीचे पत्ते तुम्ही घेऊन जा. गंजिफाची पेटीही न्या, पण ती खेळणारं कुणी उरलं नाही तरच. मला ते पत्र दाखवलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. “आम्ही काय मेलो का?” मी म्हटलं. भाऊ शांतपणे म्हणाले, “तुम्ही दोघं आहात की. पण तिसरा कोण, सिस्टर?” “मिळंल कुणीतरी!” “कुठं मिळंल? लोकांना आजकाल स्वतःच्या बायकोचा फोन नंबर पाठ नसतो. इथं एकशे आठ पानं ध्यानात ठिवायचीत.” (एकशे वीसच्या जागी एकशे आठ का, ते पुढं सांगते. त्यातच माझ्या आयुष्यातली एक मोठी चूक आहे.) मी तिसरा गडी शोधायचा विडा उचलला. भाच्याला बसवलं, तो दुसऱ्या डावात मोबाईल बघायला लागला. शेजारच्या देशपांडे बाईंना बसवलं, त्या प्रत्येक राजाला नमस्कार करून मगच पान टाकायच्या. भाऊ हसून हसून आडवे व्हायचे. पण पत्र काही त्यांनी मागं घेतलं नाही.

पत्ते जमवायचा नाद त्यांना लागला तो एका जर्मन बाईमुळं. भाऊ तेव्हा नवे गाईड होते. लेणी बघून झाल्यावर त्या बाईनं पर्समधून पत्त्यांचा कॅट काढून त्यांना दिला. त्यात इस्पिक नाही, चौकट नाही. झाडाची पानं, ओकची फळं आणि घंटा. “पत्त्यात घंटा!” भाऊ ही गोष्ट सांगताना दरवेळी तितक्याच नवलानं सांगायचे. “मला वाटायचं, साऱ्या दुनियेत इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असंच असतंय. म्हटलं, घंटा असू शकती, तर अजून काय काय असंल!” तेव्हापासून पार्टी लेण्यांतून खाली उतरली की ते सांगायचे, टिप नको, घरी गेल्यावर तुमच्या गावचे पत्ते पाठवा. पत्ता एवढाच: हिवाळे, गाईड, फर्दापूर, अजिंठा. बहुतेक विसरायचे. पण एखादा विसरायचा नाही, आणि मग फर्दापूरच्या पोस्टमनच्या पिशवीतून एखादं खोकं भाऊंच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर येऊन पडायचं. तलवारी आणि पेल्यांचे स्पॅनिश पत्ते, काडेपेटीएवढे फुलांचे जपानी पत्ते, लांबुडके इटालियन. एकदा एक आंधळे फ्रेंच गृहस्थ बायकोबरोबर आले होते. भाऊंनी त्यांना तीन तास हाताला धरून फिरवलं आणि भिंतीवरचं एकेक चित्र बोलून दाखवलं... राजाच्या गळ्यातला मोत्यांचा सर कुठून कुठं जातो, हत्तीची सोंड कशी वळलीय. सहा महिन्यांनी त्या गृहस्थांचं पार्सल आलं. बोटांनी वाचायचे, उठावाच्या ठिपक्यांचे पत्ते. भाऊंनी पुढचा महिनाभर डोळे मिटून रमी खेळून बघितली आणि आमच्याकडून सपाटून मार खाल्ला.

त्यांचा एक नियम होता. घरात आलेला कॅट, मग तो शंभर वर्षांचा का असेना, एकदा तरी खेळला गेलाच पाहिजे. छावणीतल्या जुन्या बंगल्यांतून गोऱ्या सोल्जरांचे पत्ते भंगारात निघायचे, पिवळे पडलेले, कोपरे उडालेले. तेही आम्ही खेळलो. मुंबईहून एक नामांकित संग्राहक हे ऐकून आले होते. आम्ही त्या पत्त्यांवर ‘पाच-तीन-दोन’ खेळतोय हे बघून त्यांनी कपाळालाच हात लावला. “अहो, याचं मोल कळतं का तुम्हाला?” भाऊ म्हणाले, “कळतं म्हणून तर खेळतोय. न खेळलेला पत्ता म्हणजे निस्ता पुठ्ठा, साहेब.” मग त्यांनाही ओढून बसवलं. ते बसलेही, आणि जाताना चक्क पुढच्या खेपेचं विचारून गेले.

गंजिफाची पेटी मिळाली ती छावणीच्या आठवडी बाजारात. एक भंगारवाला त्या गोल पानांवर चहाचे कप ठेवून बसला होता! भाऊंचे डोळे लकाकले. त्यांनी पैसे काढायच्या आत भंगारवाल्याची नजर त्यांच्या मनगटावर गेली. घड्याळ दे, पेटी ने. भाऊंनी उभ्या उभ्या घड्याळ सोडून दिलं. आता गंमत अशी, की ते घड्याळ आदल्याच दिवशी सलीमभाईंनी दुरुस्त केलं होतं आणि प्रेमानं नवा पट्टा घालून दिला होता. सलीमभाईंनी भंगारवाल्याच्या हातात ते बघितलं आणि तडक भाऊंच्या घरी जाऊन जाब विचारला, “अरे मियाँ, दो दिन तो पहनना था!” भाऊंनी नुसती पेटी उघडून पुढं ठेवली. सलीमभाईंच्या आजोबांकडं पूर्वी असाच एक गंजिफा होता, मोगली, आठ रंगांचा. ते पानांवरून बोट फिरवत राहिले, आणि जे मांडी घालून बसले ते सव्वीस वर्षं उठलेच नाहीत.

मी तिसरी. लेण्यांच्या पायऱ्यांवरून घसरून भाऊंचा पाय मोडला आणि ते माझ्या वॉर्डात आले. दुसऱ्याच दिवशी तक्रार, की सात नंबरच्या खाटेवर पत्त्यांचा अड्डा जमतो. मी पदर खोचून पत्ते जप्त करायला गेले. बघते तर गोल पत्ते, त्यावर कासव! म्हटलं, हे काय नवीन? भाऊ म्हणाले, “सिस्टर, जप्त करा, पण आधी समजून तरी घ्या.” मी समजून घेतलं. आमच्या माहेरी, पैठणच्या बाजूला, शेतावरची कामं उरकली की बाया दुपारी पत्ते कुटायच्या. रक्तातच आहे ते. प्लास्टर निघेपर्यंत मी त्यांना दोनदा हरवलं होतं. घरी जाताना म्हणाले, “सोमवारी सुट्टी घ्या. आम्हाला तिसरा लागतो.” मी सोमवारची साप्ताहिक सुट्टी मागून घेतली आणि मेट्रनला कारण सांगितलं, उपास!

काय दिवस होते ते! गोल पानं आपल्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, ती चादरीवर पालथी पसरून सहा हातांनी कालवायची. मग प्रत्येकी छत्तीस. दिवसाचा खेळ, म्हणून रामाचा राजा ज्याच्याकडं त्यानं उतारी करायची. भाऊ हात मोजायचे ते जपानीत, “इची, नी, सान...” आणि हात जास्त झाले की जर्मनवर यायचे. मी हरले की चिडते, हे कबूल करते. दोन वेळा पानं फेकून घरी गेलेय आणि कोपऱ्यावरून परत आलेय. गल्लीत कुणीतरी उठवलं, की हिवाळे गाईडच्या घरी दर सोमवारी जुगार चालतो, एक बाई पण असते. एका सोमवारी खरंच एक हवालदार दारात. आत बघतो तर एक सिस्टर, एक घड्याळवाले आणि एक गाईड. तो चादरीवर वाकला. “यात राणी कुठंय?” “नाय,” भाऊ म्हणाले. “पैसे?” “नाय.” “मग कशावर लावता?” “डोक्यावर,” सलीमभाई म्हणाले. हवालदारानं काठी भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि अर्धा तास बघत बसला. प्रज्ञानं त्यालाही चहा दिला. ती तेव्हा शाळेत होती. दोन वेण्या, अबोल पोर. चार साडेचारला शाळेतून यायची, थोड्या वेळानं स्वयंपाकघराचा पडदा बाजूला सारून चहाचा ट्रे ठेवायची आणि परत आत. पुढं इंजिनियर झाली, शेंद्र्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर लागली, तरी सोमवारी पहिल्या पाळीहून आली की चहा तिचाच. ती आमच्याकडं कधी बघायची नाही, बसायची नाही. पोरीला पत्त्यांचा राग आहे, असं मी मनाशी धरून चालले होते. मलाही तिचा थोडा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

आता ती एकशे आठ पानं. दहा अवतारांत नववा बुद्धाचा रंग असतो, खूण कमळाची. भाऊंनी पेटी आणली त्याच दिवशी ती बारा पानं बाजूला काढून पितळेच्या एका छोट्या डबीत ठेवली होती आणि आम्ही नऊ रंगांवर खेळायचो. मला याचं कारण माहीत नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं. एका वर्षी हिवाळे वहिनी आजारी होत्या, भाऊ फर्दापूरला, घर रंगवायला काढलेलं. मी मदतीला गेले. आवरता आवरता ती डबी सापडली. मला वाटलं, पानं चुकून वेगळी पडलीत. मी ती कृष्ण आणि कल्कीच्या मध्ये, अगदी क्रमानं लावून दिली, पेटी कशी भरल्यासारखी दिसली! आणि रिकाम्या डबीत वहिनींचा हिंग भरून ठेवला. आपण फार मोठं काम केलं, अशा तोऱ्यात होते मी.

सोमवारी भाऊंनी पेटी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “आज खेळ नको,” एवढंच म्हणाले. तीन सोमवार खेळ नाही. सलीमभाई दोघांच्या घरी खेटे घालून थकले. “बाजी, उसमें उसके बाप का वचन है,” ते मला म्हणाले (बाजी म्हणजे ताई), पण पुढं सांगेनात. शेवटी भाऊंचाच निरोप आला, रविवारी लेणी बघायला या. आम्ही दोघं सकाळच्या एस.टी.नं गेलो. इतकी वर्षं या शहरात काढली, पण भाऊंच्या तोंडून लेणी मी कधी ऐकली नव्हती! एका पार्टीबरोबर त्यांनी आम्हालाही फिरवलं, आणि पार्टी पुढं गेल्यावर, निजलेल्या बुद्धाच्या त्या मोठ्या मूर्तीपाशी आम्हाला थांबवलं. “सिस्टर, हे बघा,” ते हळू आवाजात म्हणाले. “हा माणूस होता. जन्मला, म्हातारा झाला, दुखणं आलं, गेला. माणूस होता म्हणून माझ्या बापाला जवळचा वाटला. बापानं दीक्षा घेतली तव्हा बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यातली एक हीच, की बुद्ध कुणाचा अवतार नाय. मला ह्या पानांचा राग नाय, लई सुंदर हात आहे ज्यानं काढली त्याचा. मी ती टाकणार नाय, कुणाला देणार नाय. पण त्या ओळीत बसवणारबी नाय.” मी त्या मूर्तीच्या पायांकडं बघत उभी राहिले. मला वाटत होतं मी पेटी पूर्ण केली, आणि मी त्यांच्या बापाचा शब्द मोडला होता. “चुकलं माझं, भाऊ,” मी म्हटलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हे वाक्य डॉक्टरांनासुद्धा म्हटलेलं नाही. भाऊ म्हणाले, “चूक झाली ती झाली. पण हिंगाचा वास कसा घालवायचा, ते सांगा.” सलीमभाई असे हसले, की लेण्याचा रखवालदार धावत आला. तीन आठवडे ती डबी आम्ही उन्हात ठेवत होतो. आणि बघा, एकशे वीसाचे तीन भाग नीट पडतात, तसे एकशे आठाचेही पडतात. खेळाचं काही अडलं नाही.

असा हा माणूस. त्यांच्याबद्दल शोक करावा असं मला वाटतच नाही. पण गेल्या सात आठवड्यांतले सहा सोमवार मी आणि सलीमभाईंनी त्या खोलीत नुसते बसून काढले. प्रज्ञा चहा आणून द्यायची. आम्ही दोघं चादर अंथरायचो, पेटीकडं बघायचो आणि चादर घडी करायचो. खुळेपणा, दुसरं काय. प्रज्ञानं बापाच्या शब्दाप्रमाणं संग्रहालयाला कळवलं होतं, आणि सातव्या सोमवारी त्यांचे साहेब येणार होते. मला त्या माणसाचा न बघताच राग आला होता.

साहेब आले ते चाळिशीतले, सडपातळ, भिडस्त. गंजिफाचा वीस वर्षं अभ्यास. देशोदेशीचे पत्ते त्यांनी एकेक करून टिपून घेतले, खोक्यांत भरले. मग पांढरे हातमोजे चढवून गंजिफाची पेटी उघडली. पानं मोजली. “बारा कमी आहेत,” ते म्हणाले. मी उठून डबी आणून त्यांच्यापुढं ठेवली. ते ती पानं पेटीत ठेवायला लागले, तशी मी त्यांचा हातच धरला. “तिथं नाही. ही वेगळीच राहतात,” मी म्हटलं, आणि का ते सांगितलं. भाऊंनी मला सांगितलं तसंच, मूर्तीपासून वचनापर्यंत. हिंगाचंही सांगितलं, लपवून काय करायचंय? त्या माणसानं पूर्ण ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, बारा पाने स्वतंत्र ठेवावीत, संग्राहकाची इच्छा. माझा अर्धा राग तिथंच उतरला.

मग सलीमभाईंनी विचारलं, “साहब, खेलना आता है?” साहेब लाजले. “पुस्तकातून नियम पाठ आहेत,” ते म्हणाले. “पण खेळलो कधीच नाही. आणखी दोन माणसं मिळाली नाहीत.” आता बोला! वीस वर्षं ज्याचा अभ्यास, तो खेळ एकदाही नाही. “मग बसा,” मी म्हटलं. “एक डाव झाल्याशिवाय पेटी या घरातून हलणार नाही.” हातमोज्यांत छत्तीस गोल पानं धरता येईनात, तेव्हा त्यांनी ते काढून खिशात घातले. आम्ही पानं कालवली, वाटली. भाऊंच्या जागेवर परकं माणूस बघवेना, पण साहेब खेळायला लागले आणि मला हसू आवरेना. नियम पाठ, पण डाव शून्य! चौथ्या का पाचव्या हाताला त्यांनी कूर्माचं एक पान उचललं आणि आता टाकणार, एवढ्यात मागून आवाज आला.

“ते नका टाकू. कूर्माचा राजा सलीमचाचांकडं आहे.”

प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन पडद्यापाशी उभी होती. सलीमभाईंनी पानं छातीशी धरली. “तेरेकू कैसा मालूम?” “मघाशी कूर्माचं पान पडलं तेव्हा तुम्ही खोकलात ना,” ती म्हणाली. “राजा हातात असला की तुम्ही खोकता. आणि मंगलमावशी पान आपटून टाकतात, तेव्हा त्यांच्या हातात पुढचं काहीच नसतं.” सव्वीस वर्षांत हे ना मला कळलं होतं, ना सलीमभाईंना. मी थक्क. “तुला खेळता येतं होय गं?” “येतं.” “मग कधी बसली का नाहीस?”

ती हसली. अगदी सहज म्हणाली, “तुम्ही तिघं होतात की मावशी. तिघांचाच तर खेळ. चौथ्याला जागा कुठं होती?” मग ट्रे खाली ठेवत म्हणाली, “आठवडाभर पेटी घरीच असायची. पप्पा फर्दापूरला गेले, की मी तिन्ही हात एकटीच खेळायचे. तुमचा, चाचांचा आणि पप्पांचा. पप्पांना जिंकवायचे.”

आठवडाभर बाप फर्दापूरला. एक दिवस घरी. आणि त्या एका दिवसाची दुपार वर्षानुवर्षं आम्ही दोघांनी खाल्ली, वर पोर अबोल म्हणून नावं ठेवली. आळीपाळीनं बसावं, कुणीतरी उठून पोरीला जागा द्यावी, हे आम्हा तिघा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही! मी लाजले, खरंच लाजले. आणि भाऊ तिसरा गडी कुठं मिळंल म्हणून ते पत्र लिहीत होते, तेव्हा तिसरा गडी पडद्यामागं चहा गाळत होता, हे त्यांना कळायचं राहून गेलं, याचं फार वाईट वाटलं. साहेबांनी आपली पानं पालथी ठेवली, खिशातून भाऊंचं पत्र काढलं, ‘खेळणारं कुणी उरलं नाही तरच’ हे वाक्य पुन्हा वाचलं, घडी घातली आणि पत्र प्रज्ञाच्या हातात दिलं. “पेटी मला नेता येणार नाही,” ते म्हणाले. “इथं तुम्ही बसा.”

प्रज्ञा बापाच्या जागेवर बसली आणि पुढच्या तासाभरात तिनं आमची जी काही धूळधाण केली, ती सांगण्यासारखी नाही. मला रडू येत होतं. हरल्याचं नव्हतं... थोडं हरल्याचंही होतं. डाव संपला तशी पोर सवयीनं चहाला उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. साहेबांना म्हटलं, या, माझ्या जागी बसा, आता आळीपाळीनं. आणि गुडघा धरत उठून मी स्वयंपाकघरात गेले. इतक्या वर्षांत त्या घरच्या चहाचा डबा कुठं असतो, तेही मला ठाऊक नव्हतं. शोधाशोध करून आधण ठेवलं आणि पडद्याच्या अलीकडं उभी राहिले. तिथून सगळं ऐकू येतं. पानांचा टकटक आवाज, कोण उतरला, कुणी कुणाला मारलं, सलीमभाईंचं खोकणं... सगळं, अगदी स्पष्ट. मग ती मोजायला लागली, “इची, नी, सान...” आणि मी गॅस बारीक केला, म्हणजे पुढचंही नीट ऐकू येईल.